त्रेचाळीस, पंचेचाळीस की बेचाळीस?

आमच्या तालुक्याच्या गावात ज्युदोचा क्लास मोंढ्यातल्या एका जुन्या गोदामात भरतो. शेजारच्या आडतीवर सोयाबीनचे कट्टे उतरत असतात, आणि दिवाळीच्या आगेमागे मॅटवरसुद्धा त्याची धूळ बसते. लेकीला सोडायचं आणि बाहेर खुर्चीवर बसून मोबाईल बघायचा, असं मी वर्षभर केलं. मग एक दिवस सरांना विचारलंच, "सर, माझं वय चालंल का?"

"पडता येतं का?" सरांनी उलट विचारलं.

"नाही."

"मग तेच शिकवतो. सोमवारपासून या. तेवढं फिटनेस सर्टिफिकेट आणा, चाळिशीच्या पुढं आहात म्हणून."

हे 'तेवढं' म्हणजे सोळा दिवस. लातूर जिल्ह्यातलं एक सरकारी रुग्णालय, एवढंच सांगते. नाव घेऊन काय करायचं, पुन्हा तिथंच जायचंय.

क्लासचा फॉर्म मात्र पाच मिनिटांत झाला. तो पोरांसाठीच छापलेला. 'इयत्ता' पुढे रेघ मारली, शाळेचा शिक्का सोडून दिला, आणि 'पालकाची सही' लेकीकडून करून घेतली. सहावीतल्या पोरीनं जीभ बाहेर काढून सही केली. सरांनी बघितली नाही, की बघून सोडली, माहीत नाही.

सोमवारी रुग्णालयात गेले तर सर्टिफिकेटचे वार मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी गेले. केसपेपरच्या खिडकीतल्या पोरानं मान वर केली, माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि वय टाकलं 45. न विचारता. मी म्हटलं जाऊ दे, रांग मोठी आहे. ही माझी चूक. तुम्ही आधार कार्ड हातात धरूनच उभं राहा आणि वय मोठ्यानं सांगा.

दोन जिने चढून वर गेले, तिथं रांगेवरून एका काकांशी वाद झाला, आणि लगेच दंडाला पट्टा. बीपी 150/96.

"गोळी चालू आहे?" डॉक्टर.

"नाही. जिना चालू होता."

ते हसले नाहीत. "सर्टिफिकेट कशासाठी?"

"ज्युदो शिकायला."

"कुणाला?"

"मला."

पेन थांबला. नोकरीत लागतंय का, स्पर्धा आहे का, असं विचारून झालं. नाही म्हटल्यावर ईसीजी काढून शुक्रवारी यायला सांगितलं. बाहेर सर्टिफिकेटच्या टेबलावरचे बाबू म्हणाले, "ताई, अमरनाथला जायलाव का? त्याचा फॉर्म येगळा असतोय." अमरनाथला निदान वय तरी स्पष्ट लिहिलंय, 13 ते 70. माझ्यासाठी त्यांच्याकडं रकानाच नव्हता. नोकरी, यात्रा, लायसन. बाईमाणसाला नुसतंच काही शिकायचं असेल, हे छापणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

शुक्रवारी ईसीजीच्या मशीनचा कागद संपलेला. पुढच्या मंगळवारी डॉक्टर शिबिराला. त्या बाकावर बसून मी मोबाईलवर ज्युदोचं इतकं वाचलं की तेवढ्यात एक पट्टा मिळायला हवा होता. जिगोरो कानोंनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा ते स्वतः 21 वर्षांचे. त्यांच्या शिष्या केइको फुकुदा 1935 मध्ये शिकायला लागल्या, त्याही विशीतच, पण दहावा दान, म्हणजे ज्युदोतली सगळ्यात वरची पायरी, मिळाला 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी. 76 वर्षं! माझे सोळा दिवस तिथं कुणी मोजले नसते. आपल्याकडं शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 च्या आतले. पण जागतिक व्हेटरन स्पर्धेत तिसाव्या वर्षापासून गट लागतात, पाच-पाच वर्षांचे. चाळीस ते चव्वेचाळीसचा एक, त्यापुढं पंचेचाळीस ते एकोणपन्नासचा. म्हणजे खिडकीतल्या त्या पोरानं मला बसल्या जागी पुढच्या गटात ढकललं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी शहाणी झाले होते. चहा न पिता गेले, जिना सावकाश चढले, आधी दहा मिनिटं पाठ टेकून बसले, कुणाशी भांडले नाही. बीपी 128/82. ईसीजी चांगला. डॉक्टरांनी सही केली आणि मी जवळजवळ उडतच शिक्क्याच्या टेबलावर गेले.

बाबूंनी आधार आणि केसपेपर शेजारी शेजारी ठेवले. "हितं त्रेचाळीस, हितं पंचेचाळीस. खरं कोन्तं?"

तोंडावर आलं होतं, दोन्ही नाही. माझी आधारवरची तारीख 1 जून. आमच्या वर्गात निम्म्यांची 1 जूनच होती, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली. आई सांगते, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, आणि गुरुजींनी वर्षही एकानं वाढवलंय. तिच्या हिशेबानं मी बेचाळीस. पण हे तिथं बोलले असते तर चौथी खिडकी लागली असती.

"आधारवरचं," मी म्हटलं.

"मग केसपेपर दुरुस्त करून आना."

केसपेपरची खिडकी बंद झालेली. मी तिथंच उभी राहिले. रडू येत होतं आणि हसूही. ज्या वयामुळं हे सर्टिफिकेट मागितलं, त्या वयाचाच घोळ. शेवटच्या मंगळवारी नवा केसपेपर, नवी सही, शिक्का. छापील मजकुरातलं 'नोकरीसाठी' खोडून बाबूंनी वर निळ्या पेनानं लिहिलं, 'जुडोसाठी'. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

सरांनी तो कागद न उघडता खणात टाकला.

क्लासचं सांगायचं तर पहिला महिना फक्त पडणं. मागं पडताना हनुवटी छातीला आणि तळहात-दंड मॅटवर जोरात आपटायचा. मोठी माणसं पडताना हात मागं टेकवतात आणि मनगट जातं. पोरं जमिनीच्या जवळ असतात, त्यांना भीती नसते. मला ही हात टेकायची सवय मोडायला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी ज्या पोरानं मला धरून पाडलं, तो लेकीच्याच वर्गातला. पाडल्यावर वाकून म्हणाला, "काकू, लागलं का?" नमस्कार मात्र नेमानं घातला, ज्युदोत आधी आणि नंतर घालतात तो.

आपणही या वयात शिकावं का, असं विचारताय तेवढ्यांना एवढंच, गुडघ्याचा त्रास असेल तर सरांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि सर्टिफिकेटच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.

हां, एक राहिलंच. मॅटवर अंगावर काही चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं लगेच निघालं. जोडवी निघेनात. साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी सोनाराकडं जाऊन कापून घेतली. हे आदल्या दिवशी करा. मी क्लासच्या दारात, पाय साबणात बुडवून बसले होते.