‘तो तारा फुटणार होता, त्याचं काय झालं?’ तुम्ही विचारलंत म्हणून

टी कोरोनी बोरिआलिस हा तारा साधारण दर ऐंशी वर्षांनी भडकतो आणि काही दिवस नुसत्या डोळ्यांना दिसतो; तो २०२४ मध्ये भडकेल असा अंदाज जाहीर झाला होता. साताऱ्यात आकाशदर्शनाला आलेला दुसरा-तिसरा माणूस त्याबद्दलच विचारतो. “२०२४ मध्ये फुटणार म्हणाला होतात ना? शास्त्रज्ञांचं चुकलंच की मग!” अंधारात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

टी कोरोनी बोरिआलिस ही खरं तर जोडी आहे: एक श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा, आणि एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा. राक्षसी ताऱ्याचा वायू बटूकडे ओढला जातो. तीन हजार प्रकाशवर्षं अंतर म्हणजे स्फोट केव्हाच होऊन गेला असेल, हेही खरं. पण इथे प्रश्न त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कधी पोचतो एवढाच आहे.

आता त्या तारखेबद्दल. ती कुणी हवेतून काढली नव्हती. खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली शेफर यांनी ताऱ्याच्या तेजाच्या १८४२ पासूनच्या दोन लाखांहून जास्त नोंदी एकत्र केल्या. त्यांत दिसलं ते असं: १९४६ च्या स्फोटाआधी काही वर्षं ही जोडी नेहमीपेक्षा तेजस्वी होती आणि स्फोटाच्या साधारण वर्षभर आधी मंदावली.  २०१५ पासून तशीच तेजी आली. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये तसाच उतार सुरू झाला. तो निळ्या फिल्टरमध्ये ठळक होता, कारण निळा प्रकाश मुख्यतः बटूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तप्त चकतीतून येतो. १९४५ चा उतार शेजारी ठेवून मोजलं की उत्तर येतं २०२४.४, अधिक-उणे ०.३ वर्षं. म्हणजे फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४.

लोकांनी त्यातला ‘सप्टेंबर’ तेवढा लक्षात ठेवला. अधिक-उणे कुणाच्या कानावरच गेलं नाही. खरी अडचण मात्र त्याहून खोल आहे. असा उतार याआधी एकदाच नोंदला गेला होता, तोही बहुतेक डोळ्यांनी केलेल्या अंदाजांतून. एकाच उदाहरणावरून नियम ठरत नाही. हे शेफरना कळत नव्हतं असं म्हणणं अन्याय आहे. पण त्यावरून काढलेली खिडकी फार अरुंद होती, असं माझं मत आहे.

साधा हिशेब करून बघा. आधीचे दोन स्फोट दिसले ते १२ मे १८६६ आणि ९ फेब्रुवारी १९४६ ला; हे अंतर ७९ वर्षं ९ महिन्यांचं. तेवढंच पुढे गेलं की नोव्हेंबर २०२५ येतो. डिसेंबर १७८७ मधली फ्रान्सिस वोलॅस्टन यांची नोंद याच ताऱ्याची मानली, तर आधीचं अंतर साडेअठ्ठ्याहत्तरच्या आतबाहेर भरतं. दोन अंतरांतच सव्वा वर्षाचा फरक! यात आश्चर्य नाही. बटूवर साचलेल्या हायड्रोजनच्या थराच्या तळाशी दाब आणि तापमान पुरेसं झालं की भडका उडतो, आणि तो थर किती वेगानं साचेल हे राक्षसी तारा किती वायू देतो त्यावर ठरतं. तो पुरवठा एकसारखा नाही.

ज्याँ श्नायडर या खगोलशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. जोडीची एकमेकांभोवती एक फेरी २२७.५७ दिवसांची आणि १८६६ ते १९४६ मध्ये अशा फेऱ्या बरोबर १२८ बसतात. पुढचा स्फोटही पूर्ण फेऱ्यांनंतरच होईल असं धरलं, तर २७ मार्च २०२५, १० नोव्हेंबर २०२५, २५ जून २०२६ अशा तारखा निघाल्या. पहिल्या दोन्ही कोरड्या गेल्या. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे, त्यामुळे फेरीच्या ठरावीक टप्प्यावरच भडका का उडावा याचं पटेल असं कारण मला दिसत नाही.

तारीख जाहीर करायलाच नको होती, असं मी पूर्वी ठामपणे म्हणायचो. आता तेवढा ठाम नाही. तारखेमुळे कधी वर न बघणारे लोक उत्तर मुकुट, म्हणजे हा तारा ज्यात आहे तो तारकासमूह, ओळखायला शिकले, आणि या ताऱ्याला तीच माणसं हवी आहेत. पण दोन वर्षं ‘आज-उद्या’ ऐकून त्यांतलेच कितीतरी परत गेले. कुठलं पारडं जड, मला अजून ठरवता येत नाही.

माणसं का हवीत? १८६६ मध्ये आयर्लंडमध्ये जॉन बर्मिंगहॅम यांना तारा लखलखीत दिसला. त्याच रात्री काही तास आधी अथेन्सहून ज्युलिअस श्मिट यांनी तोच भाग पाहिला होता आणि तिथे काही नव्हतं. ‘काही नव्हतं’ या नोंदीमुळेच चढ किती वेगवान आहे ते कळलं. दहाव्या प्रतीपासून दुसऱ्या प्रतीपर्यंतचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा उजळ) प्रवास काही तासांचा, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणं जेमतेम आठवडाभर. अमेरिकेत दिवस असताना आपल्याकडे रात्र असते. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण काय किंवा अंतराळातल्या दुर्बिणी काय, त्यांना वळवायला आधी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

शोधायचं असं. स्वातीपासून अभिजितकडे रेघ ओढा. साधारण एक तृतीयांशावर अर्धवर्तुळ लागतं, तो उत्तर मुकुट. त्यातला ठळक तारा अल्फेका, प्रत २.२. स्फोट झाला तर जवळपास तेवढाच तेजस्वी दुसरा तारा अर्धवर्तुळाच्या पूर्व टोकाशी दिसेल. मुकुटातल्याच एप्सिलॉन या ताऱ्याच्या दक्षिणेला अंशभर, किंचित पूर्वेला. आत्ता तो दहाव्या प्रतीचा आहे. १०×५० द्विनेत्रीला ती अगदी कड आहे, ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीत आरामात दिसतो. तेज ताडून पाहण्यासाठी शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती दिलेला नकाशा असतो. त्यावरचा ९८ हा आकडा ९.८ प्रत असा वाचायचा, दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं. एक उजळ, एक मंद असे शेजारचे तारे निवडून आपल्या ताऱ्याचं तेज त्या दोघांच्या मधे कुठे बसतं ते ठरवा. तारा तांबूस आहे, टक लावून पाहिला तर उजळ भासतो, म्हणून झटकन नजर टाकून हलवा. सर्वाधिक चुका वेळेत होतात: १५ जानेवारीच्या पहाटे तीनची नोंद जागतिक वेळेत १४ जानेवारी, २१:३० अशी जाते. दिसला नाही, तर ‘अमुक प्रतीपेक्षा मंद’ असं लिहा. कोरी जागा सोडू नका.

आपल्याकडची अडचण हंगामाची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळतो, म्हणजे अंधार पुरता पडेपर्यंत यवतेश्वरच्या बाजूचा डोंगर आड येतो. जानेवारीच्या मध्याला पहाटे अडीचच्या सुमारास उगवतो, मार्चअखेर रात्री दहाच्या आत. मे महिना सर्वांत सोयीचा. मग पाऊस.

२५ जूनवर माझा भरवसा नाही, तरी त्या रात्री पाहणारं कुणी हवंच. साताऱ्यात ढग असणार. पण माण, खटाव, जत, आटपाडी पर्जन्यछायेत आहेत. दहिवडी-म्हसवडकडे ढगांत फट मिळते, आणि रात्री सव्वादहाला मुकुट जवळजवळ डोक्यावर असतो. पौर्णिमा चार-पाच दिवसांवर असेल, पण दुसऱ्या प्रतीला चांदणं आड येत नाही. तिकडच्या मंडळींनी पाच मिनिटं वर बघून वेळ आणि उत्तर कळवावं, ‘नाही’ असलं तरी.