आठ महिने बंद असलेला हीटर आणि त्याचा वास: माझा अनुभव

ग्वाल्हेरात हीटर होळीला माळ्यावर चढतो आणि दिवाळीनंतर महिनाभराने खाली उतरतो. मधे उन्हाळ्याच्या आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, होऊन जातात. पिठासारखी बारीक धूळ बंद कपाटातल्या पुस्तकांवरही बसते, मग समोरून-मागून जाळी असलेल्या ब्लोअरची काय कथा! यंदा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी दोन यंत्रं पुन्हा सुरू केली: 2000 वॉटचा ब्लोअर आणि नऊ पात्यांचा तेलाचा हीटर. दोन्हींतून वास आला, पण कारणं निराळी होती.

धुळीचा वास ओळखायला सोपा, केस जळल्यासारखा. घरच्या धुळीत केस, कातडीचे कण आणि कपड्यांचा भुगा असतो. केसात गंधक असतं, म्हणून तो उग्र लागतो. तापलेल्या तारेवर ही धूळ जळून जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत वास ओसरतो. अर्ध्या तासानंतरही तो तसाच असेल तर धूळ तारेवर नाही, आत कुठेतरी गठ्ठा होऊन बसली आहे.

ब्लोअर आधी गच्चीत नेला, प्लग अर्थातच काढलेला. रंगकामाचा एक इंची कोरडा ब्रश घेऊन मागची जाळी आधी झाडली, कारण हवा तिथूनच आत ओढली जाते आणि सगळा भुगा तिथेच अडकतो. मग व्हॅक्यूम क्लीनर लावला. तेव्हा पंख्याच्या पात्यांत उदबत्तीची काडी अडकवून ठेवली. नाहीतर ओढीने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि बुशिंग, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ते कडं, झिजतं. काडी आठवणीने काढायची! ओलं फडकं, कॉलिन वगैरे आत अजिबात नको. टॉर्च मारून कोपरे पाहिले. झुरळ किंवा पाल मरून पडलेली असेल तर वास जळका नाही, सडका येतो, आणि तो कितीही तापवलं तरी जात नाही. कवच उघडून बाहेर काढावीच लागते.

पंखा हाताने फिरवल्यावर जड वाटला. बुशिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. दोन दिले तर जास्तीचं तेल उडून तारेवर पडतं, आणि मग धुराचा नवा वास. पंखा हळू फिरला की तारेची उष्णता बाहेर जात नाही, आतलं प्लास्टिक तापतं आणि थर्मल कटआउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा भाग, सारखा पडतो. त्यावर दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने सुचवलेला उपाय: ‘इसको डायरेक्ट कर देते हैं.’ म्हणजे घराला आग लागू नये म्हणून बसवलेला भागच काढून टाकायचा. नको.

चालू करण्याचा क्रम असा ठेवला: दहा मिनिटं नुसता पंखा, मग दहा मिनिटं 1000 वॉट, मग पंधरा मिनिटं 2000. हे सगळं गच्चीत, समोर बसून. पंख्यावरच इतका भुगा उडाला की खोलीत केलं असतं तर गादी झाडावी लागली असती.

तरीही खोलीत आणल्यावर दुसरा वास आला. शाकाहारी घरात मासळीसारखा वास आला तर स्वयंपाकघरात नाही, प्लगजवळ जायचं. प्लग-सॉकेटचं प्लास्टिक किंवा बॅकेलाइट तापलं की असा वास सुटतो. हीटर बंद करून प्लग ओढला: खालच्या दोन पिनांपैकी एक पिवळी लखलखीत, दुसरी तपकिरी, आणि तिच्या मुळाशी प्लास्टिक किंचित वितळलेलं. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर. पिन सॉकेटमध्ये ढिली बसली की एवढा करंट जरा-जरा टेकणाऱ्या जागेतून जातो आणि तीच जागा तापते. पिन पॉलिश पेपरने घासून चालेल असं वाटतं, पण सॉकेटमधली पट्टी एकदा तापून सैल झाली की तिची पकड परत येत नाही. मेन बंद करून 16 अँपिअरचं सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलले. तारांची काळी पडलेली टोकं अर्धा इंच कापली, नव्याने सोलली, पीळ देऊन स्क्रूखाली घट्ट दाबली. सॉकेटपर्यंतची तार अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची होती, ती ठेवली. नंतर दर पाच मिनिटांनी प्लगला हात लावून पाहिला. कोमट चालतो, हात ठेववत नसेल तर बंद. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा सहा अँपिअरचा कन्व्हर्टर प्लग किंवा गुंडाळलेली एक्स्टेन्शन कॉर्ड हीटरला कधीच नाही.

तेलाच्या हीटरचं काम कमी. माळ्यावर तो आडवा ठेवला होता, म्हणून आधी काही तास उभा ठेवला. तापणारा रॉड तळाशी असतो आणि तो तेलात बुडालेला हवा. पात्यांमधली धूळ फूटपट्टीला जुना मोजा चढवून, किंचित ओला करून पुसली आणि पूर्ण वाळू दिली. इथे धूळ जळत नाही, नुसती भाजते. त्यामुळे वास मंद पण तासभर रेंगाळतो. खाली तेलाचा डाग दिसला तर मात्र वापर बंद. हे तेल घरी भरता येत नाही.

त्यात नॅफ्थलीनचाही वास होता, कारण स्वेटरांच्या ट्रंकेशेजारी तो आठ महिने होता. डांबराच्या गोळ्यांची वाफ पात्यांवर बसते आणि तापली की खोलीभर होते. खिडकी उघडी ठेवून दोनदा तापवल्यावर गेला.

वासावर विसंबून चालत नाही ती वस्तू म्हणजे कोळशाची सिगडी. तिचा कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळतच नाही, त्यामुळे दार लावलेल्या खोलीत ती नकोच.

होळीला आता ब्लोअर आधी झाडून, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून ठेवणार, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. पावसाळ्यात तिच्यात दमट हवा कोंडते आणि पिना हिरव्या पडतात. तेलाचा हीटर उभाच, ट्रंकेपासून लांब.