कॉर्क-डब्लिन गाडीतला वाद आणि क्रोक पार्कवरची दुपार

रविवार, ७ जुलै २०२४. सकाळी कॉर्कच्या केंट स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाट लालभडक झाला होता. लाल जर्सी, लाल टोप्या, पाठीवर सोडलेले लाल-पांढरे झेंडे, आणि एका आजींच्या पांढऱ्याशुभ्र केसांत बांधलेली लाल रिबीन. मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा, असे तिघं डब्लिनला निघालो होतो. क्रोक पार्कवर कॉर्क विरुद्ध लिमरिक, ऑल-आयर्लंड हर्लिंग स्पर्धेचा उपांत्य सामना. मॅचचं पुढे सांगतेच, पण हे लिहायला बसले ती गाडीतल्या अडीच तासांसाठी. आयर्लंडला येऊन ही मॅच बघायचा कुणाचा विचार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: आदल्या दिवशी डब्लिनला जाऊन झोपू नका. कॉर्कला मुक्काम करा आणि मॅचच्या दिवशी सकाळच्या गाडीने जा.

हर्लिंग कधीच पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे १५-१५ खेळाडू. हातात ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी-पसरट काठी, ती हर्ली. चेंडूला स्लिटर म्हणतात. तो जमिनीवरून मारा, हवेत मारा, हाताने झेला, नाहीतर काठीवर तोलून पळत सुटा. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, ३ गुण. दांडीवरून गेला तर पॉइंट, १ गुण. फलकावर १-२८ दिसलं की १ गोल आणि २८ पॉइंट, म्हणजे ३१ गुण समजायचे. खेळ ७० मिनिटांचा. एवढं डोक्यात ठेवलंत की पहिल्याच मॅचला मागे पडणार नाही.

आणि एक गोष्ट, जी कळल्याशिवाय इथल्या लोकांचा जीव यात का अडकतो ते कळत नाही. या खेळाडूंना पगार नाही. ज्या गावच्या क्लबात पोरगा वाढला त्या क्लबाकडून तो खेळतो, आणि आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात निवड झाली की तिचा रंग अंगावर चढवतो. सोमवारी परत नोकरीवर. लिमरिकचे प्रशिक्षक जॉन कायली तर एका शाळेचे मुख्याध्यापक आहेत. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की आमच्या गल्लीत दुपारी कुणी जागेवर नसायचं, आणि मैदानात पळणारा पोरगा कुणाचा कोण हे बाबांना तोंडपाठ असायचं. त्यामुळे कॉर्कला आल्यावर शेजारणीने 'तो तीन नंबर आमच्या दुधवाल्याचा भाचा' असं सांगितलं तेव्हा मला क्षणभर घरीच आल्यासारखं वाटलं.

गाडीत रिबीनवाल्या आजी आमच्याच टेबलाशी बसल्या. मॅलो येईपर्यंत विणकाम चाललं होतं. खरी गंमत सुरू झाली ती लिमरिक जंक्शनला. नाव लिमरिकचं असलं तरी हे स्टेशन टिपररी काउंटीत आहे, आणि लिमरिकची माणसं इथे गाडी बदलून डब्लिनची गाडी धरतात. दार उघडलं आणि लाल डब्यात हिरवा लोंढा शिरला. पलीकडच्या सीटवर एक आजोबा येऊन टेकले. हिरवी टोपी, शेतकऱ्याचे रापलेले हात. आजींकडे बघून टोपीला हात लावला आणि म्हणाले, "आज तुम्हाला वाईट वाटणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो."

आजींनी सुया खाली ठेवल्या. "चार आठवडे घरी बसलाय तुम्ही. पायांना गंज चढला असेल."

"मन्स्टर जिंकलो म्हणून बसलो. सलग सहाव्यांदा. तुम्ही तिसरे आलात म्हणून तुमची पळापळ झाली."

हा मुद्दा नीट कळून घ्या, कारण दरवर्षी उपांत्य सामन्याआधी यावरच निम्मा वाद होतो. मन्स्टर आणि लेन्स्टर या दोन प्रांतांचे विजेते थेट उपांत्य फेरीत जातात, त्यामुळे लिमरिक ९ जूनला क्लेअरला हरवून मोकळं झालं होतं. कॉर्क आपल्या पहिल्या दोन्ही मॅच हरलं होतं आणि तिसऱ्या जागेवरून आलेलं, म्हणून त्यांना आधी ऑफलीशी आणि मग थर्लसला डब्लिनशी खेळावं लागलं. विश्रांती मिळालेला संघ ताजा की सुस्त? खेळत आलेला संघ तापलेला की दमलेला? डब्यात याची उत्तरं शर्टाच्या रंगाप्रमाणे येत होती. मला स्वतःला खेळत आलेल्या संघाची बाजू पटते, फक्त तो जिंकत आला असेल तर.

मग आजींनी हुकमाचं पान काढलं. ११ मेची मॅच. कॉर्कच्याच मैदानावर त्यांनी लिमरिकला ३-२८ विरुद्ध ३-२६ असं हरवलं होतं. अगदी शेवटी पेनल्टी मिळाली आणि पॅट्रिक हॉर्गनने ती जाळीत घातली. आम्ही तिथे होतो. माझ्या मुलाचा आवाज दोन दिवस बसला होता. "त्या दिवशी कळलं ना, हे हरू शकतात," आजी म्हणाल्या.

आजोबा काही बोलले नाहीत. खिशात हात घातला आणि एक जुना स्लिटर काढून आमच्या टेबलावर ठेवला. मी तो हातात घेतला. आकार साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजनाला हलका. शिवण आत दाबलेली नाही, बाहेर उचललेली, बोटांना कडा लागतात. हल्ली मोठ्या सामन्यांत पिवळा चेंडू असतो, हा कधीकाळी पांढरा होता, आता चहाच्या रंगाचा. आजोबा उठून टेबलाशी आले, दोन कागदी कप गोलखांब म्हणून उभे केले आणि आजींच्याच हातात चमचा दिला. "तुम्ही शेमस हार्नेडी. मी निकी क्वेड."

२०१८ चा उपांत्य सामना, हेच दोन संघ. वेळ संपत आलेली, गुण बरोबरीत, आणि कॉर्कचा हार्नेडी गोलसमोर एकटा. त्याने मारायला काठी उचलली आणि लिमरिकचा गोलरक्षक क्वेड झेपावला, हर्लीच्या टोकाने चेंडू नुसता टिचकी मारल्यासारखा काढून घेतला. मॅच जादा वेळेत गेली, लिमरिक ३-३२ विरुद्ध २-३१ ने जिंकलं आणि पुढे ४५ वर्षांनी चषकही घेऊन गेलं. आजोबांनी पेनाने ती टिचकी तीनदा करून दाखवली. तिसऱ्यांदा आजींनी चमचा आधीच फिरवला आणि स्लिटर दोन कपांमधून माझ्या मांडीवर आला. सगळा डबा ओरडला. हिरवेसुद्धा.

मागून एका हिरव्या पोराने २०२१ ची अंतिम फेरी काढली, ३-३२ विरुद्ध १-२२, कॉर्क १६ गुणांनी हरलेलं. त्यावर लाल शर्टवाल्याने शांतपणे समजावलं की तो संघ वेगळा होता. तेव्हा चेंडू पोटाशी धरून पळणारी हलकी पोरं होती, आता पुढे ब्रायन हेजसारखा उंच गडी उभा आहे, गोलरक्षकाने लांब मारला तर झेलायला कुणीतरी आहे. माझ्या मते त्या दिवशी डब्यात बोललं गेलेलं सर्वांत मुद्द्याचं हेच होतं. मॅच बघताना चेंडूमागे मान फिरवण्याऐवजी गोलरक्षकाचा फटका कुठे पडतो आणि तिथे कोण उडी घेतं हे बघायला मी त्या लाल शर्टवाल्याकडून शिकले.

पण सगळ्या वादाखाली एकच गोष्ट दबून होती, सलग पाच. लिमरिकने २०२० ते २०२३ चार वेळा चषक घेतला होता. हर्लिंगमध्ये सलग पाच कुणालाच जमलेले नाहीत. कॉर्कने १९४१ ते ४४ चार घेतले, किल्केनीने २००६ ते २००९ चार घेतले, दोघंही तिथेच अडले. आजोबा म्हणाले, "मी १९७३ ला जिंकताना पाहिलं, मग ४५ वर्षं वाट पाहिली. आता मला पोट भरल्याचं कुणी सांगू नये." आजींनी उत्तर दिलं, "माझा नातू २० वर्षांचा आहे. आम्ही शेवटचं जिंकलो २००५ ला, तेव्हा तो पाळण्यात होता." यावर काही क्षण कुणीच बोललं नाही. तेवढ्यात थर्लस आलं. याच गावातल्या हेज हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ ला गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची, म्हणजे जीएएची, स्थापना झाली. गाडी तिथे थांबते. एक दिवस जास्तीचा असेल तर परतीला उतरा.

आता डब्लिन. ह्यूस्टन स्टेशनबाहेर लाल रंगाच्या मार्गावरची लुआस ट्राम मिळते. ॲबी स्ट्रीटला उतरा आणि तिथून चालत जा, साधारण अर्धा तास. रस्ता विचारावा लागत नाही, गर्दी ज्या दिशेला चालली ती दिशा. वाटेत 'तिकीट हवंय का' म्हणत माणसं येतात, त्यांच्याकडून घेऊ नका. तिकीट अधिकृत ऑनलाइन विक्रीतूनच घ्या, ते मोबाइलवर येतं, आणि मैदानाजवळ नेटवर्क रांगतं म्हणून घरूनच उघडून ठेवा. पाठीवरची मोठी बॅग आणू नका. ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, आणि आमच्यापुढच्या कुटुंबाला गेटवरून परत फिरावं लागलं.

जागा कुठली घ्यावी? समोरासमोर दोन मोठे स्टँड आहेत, क्युसॅक आणि होगन. क्युसॅकचं तोंड पश्चिमेला, दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं, टोपी न्याच. होगन स्टँडला मायकेल होगन या खेळाडूचं नाव आहे. २१ नोव्हेंबर १९२० ला ब्रिटिश दलांनी याच मैदानात गोळीबार केला, १४ माणसं गेली, त्यात तो होता. एका टोकाला हिल १६, तिथे उभं राहून बघायचं असतं, लहान मूल बरोबर असेल तर नको. पहिलीच मॅच असेल तर वरच्या मजल्यावरचं तिकीट घ्या, खेळाचा आकार तिथून कळतो. खालच्या पुढच्या रांगांत पाऊस थेट अंगावर येतो. छत्री उपयोगाची नाही, रेनकोट लागतो, जुलैतसुद्धा. शाकाहारी असाल तर आत चिप्सशिवाय फारसं काही हाती लागेल असं धरून चालू नका. मी पुऱ्या आणि लसणाची चटणी नेली होती. लाल-हिरव्यांना वेगळं बसवत नाहीत, आमच्या एका बाजूला लिमरिकचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला कॉर्कचं. चटणी दोन्हीकडे गेली.

मॅचबद्दल एवढंच सांगते. ८२ हजार माणसं मावणाऱ्या मैदानात काठीवर काठी आदळल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतो, लाकूड फोडल्यासारखा. टीव्हीवर तो कधीच असा ऐकू येत नाही. शेवटी फलकावर कॉर्क १-२८, लिमरिक ०-२९. पॉइंट लिमरिकचा एक जास्त. तरी कॉर्क दोन गुणांनी जिंकलं ते एका गोलामुळे, आणि तो गोल ब्रायन हेजचा. ज्या गड्याचं नाव सकाळी डब्यात निघालं होतं तोच. शिट्टी झाली तेव्हा शेजारचा लिमरिकचा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होता, मग उठला आणि माझ्या मुलाशी हस्तांदोलन केलं.

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, व्हिसा वेगळा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड दोन्ही एकाच व्हिसावर करायचे असतील तर ब्रिटिश-आयरिश योजनेत तो भारतीयांना मिळू शकतो, पण व्हिसावर बीआयव्हीएस असं लिहिलेलं हवं आणि ज्या देशाने दिला तिथेच आधी उतरायला हवं. दुसरं, उपांत्य सामने हल्ली जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास असतात, पण कोण कोण खेळणार हे फक्त दोन आठवडे आधी कळतं. विमानाचं आणि राहण्याचं आधी ठरवा, बाजू नंतर निवडा. पण निवडा नक्की. कुणाचा रंग अंगावर नसला तर गाडीत तुमच्याशी वाद घालायला कुणी येणार नाही. आणि अंतिम सामन्याच्या भरवशावर सहल आखू नका. ती तिकिटं क्लबांतून वाटली जातात, बाहेरच्याला मिळणं फार कठीण.

परतीच्या गाडीचं आरक्षण आधीच करा, संध्याकाळी ह्यूस्टनला उभं राहायला जागा नसते. आजी आम्हाला पुन्हा भेटल्या, विणकाम तसंच पिशवीत. आजोबा दोन डबे चालत त्यांना शोधत आले. लिमरिक जंक्शन येईपर्यंत दोघं क्वेड आणि हॉर्गनबद्दल बोलत होते, सकाळपेक्षा हळू आवाजात. उतरताना आजोबांनी खिशातला स्लिटर काढून माझ्या मुलाच्या हातात ठेवला. "२१ तारखेपर्यंत तुझ्याकडे ठेव. मग क्लेअरला हरवा म्हणजे झालं." गाडी हलली तेव्हा ते फलाटावर झेंड्याची गुंडाळी काखेत मारून लिमरिकच्या गाडीकडे चालले होते.

२१ जुलैला अंतिम सामन्यात जादा वेळेनंतर क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. एका गुणाने. स्लिटर अजून आमच्याकडेच आहे.