पोर्टोबेलो रोडवरची किटली

आज शनिवार, म्हणजे लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर जुन्या वस्तूंचा बाजार. एका आजींकडे इंग्लंडमधल्या वूस्टरची, निळ्या नक्षीची चिनी मातीची किटली मिळाली. बुडाशी कारखान्याची खूण म्हणून निळी चंद्रकोर, झाकण मूळचंच, तोटीच्या टोकाला बारीक टवका. तो आजींनी आपणहून दाखवला आणि किंमतही त्या मानाने सांगितली. असा विकणारा भेटला की घासाघीस करावीशीच वाटत नाही.

वूस्टरचा कारखाना १७५१ चा. त्यांच्या मातीत कॉर्नवॉलचं शंखजिरं असायचं, त्यामुळे उकळतं पाणी ओतलं तरी भांडं टिकायचं. त्या काळच्या इतर बऱ्याच इंग्लिश किटल्या तडकत. उजेडासमोर धरली की ही माती किंचित हिरवट दिसते. मी आधी तेच बघते, कारण चंद्रकोरीची नक्कल पुष्कळांनी केली.

आणि केवढीशी आहे! १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आला. तोवर इंग्लंडात चहा इतका महाग की कुलपात ठेवत, म्हणून किटल्याही लहान.

घेतली आहे विकायलाच. पण ताई नोव्हेंबरात येतेय, तिने हातात घेऊन बघितल्याशिवाय कोणालाही देणार नाही.