आजीचा बटणांचा डबा

आजी गेल्यावर तिचं कपाट मी आवरलं. कपडे थोडेच होते. खालच्या कप्प्यात मात्र बटणांचा डबा निघाला. बाबांच्या शाळेच्या शर्टाची, माझ्या पहिल्या स्वेटरची, आजोबांच्या कोटाचं एक पितळी. तिच्या हातून काहीच हरवायचं नाही. (चष्मा सोडून. तो कपाळावर असायचा आणि ती घरभर शोधायची.)

११ माणसांच्या घरात ती सगळ्यांत शेवटी झोपायची, कड्या दोनदा तपासून. भांडणात न्यायनिवाडा करायची नाही. दोघांच्या हातात एकाच चादरीची टोकं द्यायची आणि घड्या घाला म्हणायची. घडीगणिक जवळ यावंच लागे.

परवा माझ्या शर्टाचं बटण तुटलं. डब्यात जुळणारं सापडलं. सुईत दोरा ओवायलाच २० मिनिटं लागली.