पुढचा सेन्सर की मागचा?

गेल्या हिवाळ्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत असताना माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. गाडीची ओढ कमी झाली नव्हती, आवाजातही फरक नव्हता, म्हणून मी प्रवास पूर्ण केला आणि जळगावला परतल्यावर गाडी एका गॅरेजात दाखवली. स्कॅनरवर पी ०१३५ हा बिघाडाचा कोड आला. ऑक्सिजन सेन्सर गेला आहे एवढेच सांगून त्यांनी संध्याकाळपर्यंत नवा सेन्सर बसवला, पैसे घेतले आणि दिवा विझवून गाडी ताब्यात दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच दिवा पुन्हा लागला. गाडीत असे दोन सेन्सर आहेत आणि चांगला असलेला काढून बिघडलेला तसाच ठेवला गेला आहे, हे मला त्यानंतर कळले.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी त्या कोडचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पी ०१३५ म्हणजे पहिल्या बँकेतील पहिल्या सेन्सरच्या हीटरचे सर्किट. इंजिनाच्या ज्या बाजूला पहिल्या क्रमांकाचा सिलिंडर असतो, ती बाजू म्हणजे पहिली बँक. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तीन किंवा चार सिलिंडर एका ओळीत असल्यामुळे दुसऱ्या बँकेचा प्रश्नच येत नाही. पहिला, म्हणजेच पुढचा सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी, इंजिनाकडच्या बाजूला बसवलेला असतो. दुसरा, म्हणजेच मागचा, कन्व्हर्टरच्या नंतर, सायलेन्सरच्या दिशेला. दुसऱ्याचा हीटर बिघडला असता, तर कोड पी ०१४१ आला असता. माझ्या गाडीतला दुसरा सेन्सर गाडी रॅम्पवर चढवली की खालून सहज हाती लागतो आणि पहिला मात्र मॅनिफोल्डवरच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांवरच्या) पत्र्याच्या आवरणाआड दडलेला आहे. जो सहज सापडला तो बदलला गेला असावा, असे मला वाटते.

या दोघांची कामे वेगळी आहेत. पुढचा सेन्सर धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की हवा, हे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला सतत कळवतो आणि त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरते. जुन्या पद्धतीच्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट आणि हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट असा दाब तयार होतो. मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टर काम करतो की नाही, यावर लक्ष ठेवतो. झिर्कोनिया साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच नीट काम करतो, म्हणून सेन्सरच्या पोटात हीटर असतो. तो बंद पडला तर धुराच्या उष्णतेने सेन्सर तापेपर्यंत संगणक अंदाजानेच पेट्रोल सोडत राहतो. घर ते बाजार, बाजार ते घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत बराचसा वेळ असाच जातो. थंडीत माझे ॲव्हरेज का उतरले होते, याचा उलगडा मला येथे झाला.

शेजारचे आप्पा भुसावळला रेल्वेत फिटर होते. मी थेट नवा सेन्सर आणायला निघालो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. “घाई कसाले करस भो? पहिले मोजी तर पाह्य,” असे म्हणून ते घरातून मल्टिमीटर घेऊन आले. सेन्सरला चार तारा होत्या. त्यांपैकी एकाच रंगाच्या दोन हीटरच्या होत्या. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूने त्या दोन पिनांमधला रोध मोजला. चांगल्या हीटरचा रोध काही ओहम असतो. येथे मीटरवर काहीच आले नाही, म्हणजे आतली तार तुटलेली होती. तेवढ्यावर न थांबता आप्पांनी फ्यूज पाहिला, इंजिन चालू ठेवून कनेक्टरच्या गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येत असल्याची खात्री केली आणि उंदरांनी तार कुरतडलेली नाही ना, हेही बोटांनी चाचपून पाहिले. फ्यूज उडाला असता किंवा तार तुटली असती, तरी हाच कोड आला असता आणि नवा सेन्सरही वाया गेला असता.

बदलण्याचे काम प्रत्यक्षात अर्ध्या तासाचे होते, पण जुना सेन्सर सैल होईपर्यंत दोन तास गेले. आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले होते. सकाळी इंजिन थोडा वेळ चालवून बंद केले आणि पुरेसे कोमट झाल्यावर जाड हातमोजे घालून वरचा पत्रा काढला. बॅटरीची ऋण तार सोडवली. अशा सेन्सरला बहुधा २२ मिलिमीटरचा पाना लागतो. नुसत्या पान्याने कडा झिजतात, म्हणून तारेसाठी खाच असलेला सॉकेट भाड्याने आणला होता. पहिल्या जोराला काहीच हलले नाही. आप्पांनी पुन्हा तेल सोडायला लावले आणि थोडे सोडवायचे, थोडे आवळायचे, असे करत आटे मोकळे केले. एकदम जोर लावला असता, तर मॅनिफोल्डमधले आटेच उपटून आले असते आणि मग खर्चाला अंत राहिला नसता.

नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीनेच राखाडी वंगण लावलेले होते. ते टोकाच्या जाळीला लागू द्यायचे नाही, टोकाला बोटही लावायचे नाही आणि जवळपास सिलिकॉनचा साधा सीलंट तर मुळीच वापरायचा नाही, कारण त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा निकामी होतो. सुरुवातीचे आटे हातानेच फिरवले आणि मग टॉर्क पान्याने ४० न्यूटन मीटरला आवळले. तार मूळच्या क्लिपांमध्येच अडकवली; मॅनिफोल्डला टेकली तर ती आठवडाभरही टिकणार नाही.

कोड पुसून गाडी धरणगावपर्यंत नेऊन आणली आणि मोबाइलला जोडलेल्या छोट्या स्कॅनरवर आकडे पाहिले. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होत होता आणि मागच्याचा जवळजवळ एका जागी स्थिर होता, म्हणजे कन्व्हर्टरही शाबूत होता. गॅरेजने काढून दिलेला मागचा जुना सेन्सर मी आप्पांकडे नेला. त्याचा हीटर मोजला, तर रोध अगदी योग्य निघाला. पुढे लागला तर वापरता येईल असे मला वाटले होते, पण त्याची तार लांब आणि कनेक्टरची खाच वेगळी असल्यामुळे तो पुढच्या जागी बसत नाही. आता तो कापडात गुंडाळून, वर ‘मागचा, चांगला’ असे लिहून डिकीत ठेवला आहे.