भीती वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी हसून टोलवते, कारण विचारणाऱ्याला बऱ्याचदा उत्तर नकोच असतं; ‘वेड लागलंय तुला’ हे सभ्यपणे म्हणण्याचा तो एक प्रकार असतो. प्रश्न ठरलेला: रात्रीची सायकल चालवताना भीती वाटत नाही का? वाटते. कशाची, ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण त्याआधी मी जाते कशाला हे सांगायला हवं.

चढासाठी जाते, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. दिवसा चढ दोनदा चढावा लागतो, आधी डोळ्यांनी आणि मग पायांनी. वळणामागून वळण दिसत राहतं, वर कुठेतरी मुंगीएवढा ट्रक रांगताना दिसतो, आणि आपल्याला तिथवर जायचंय या विचारानेच मांड्या भरून येतात. रात्री दिवा दाखवेल तेवढाच चढ. वीसेक मीटर. ते संपले की पुढचे वीस. गिअर हलका करायचा आणि श्वास मोजत राहायचं. माथा आल्याचं कळतं ते पॅडल अचानक रिकामं लागतं तेव्हा.

शिवाय हवा. दिवसभर तोंडावर येणारा वारा सूर्य मावळल्यावर बहुतेक वेळा पडतो. जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, जड होते आणि उतारावरून ओघळत सखल जागी जाऊन साचते, अगदी पाण्यासारखी. ओढ्याजवळच्या खोलगट वळणात शिरलं की आधी गुडघ्यांना कळतं, मग छातीला. पलीकडच्या चढाला लागलं की पुन्हा कोमट हवेत डोकं वर निघतं. या थंड थरामुळे आवाजही लांबून येतात. वर निघालेला आवाज उबदार हवेतून वाकून पुन्हा जमिनीकडे वळतो, त्यामुळे लांबवरची आगगाडी शेजारच्या शेतातून गेल्यासारखी वाटते. आणि चेनला तेल हवंय, हे दिवसा महिनाभर न कळलेलं, रात्री दहा मिनिटांत कळतं.

डोळ्यांचं तर वेगळंच. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एका झगझगीत दिव्याने ती सगळी कमाई क्षणात जाते. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, म्हणून अंधुक वस्तू नीट पाहायची तर तिच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहायचं. हे जमायला लागलं की गंमत येते. आम्ही कधीकधी मोकळ्या जागी थांबतो, रस्त्यापासून बाजूला होतो आणि सगळे दिवे मालवून टाकतो. आधी काहीच दिसत नाही. मग झाडांच्या कडा वेगळ्या होतात, मग पाऊलवाट. माझी लाल सायकल चांदण्यात काळी दिसते आणि कडेचं हिरवं गवत उगाचच उजळ. लाल रंग सगळ्यात आधी विझतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवलं, त्यामुळे या प्रकाराला त्याचंच नाव आहे.

आता भीती. मला अंधाराची भीती वाटत नाही, उजेडाची वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, हलका उतार. समोरून एक गाडी अप्पर मारत आली. मी एकदा हात वर केला, दोनदा केला, पण डिपर काही मिळाला नाही. मग मी ती चूक केली जी सगळे करतात: त्या दिव्याकडेच पाहिलं. गाडी गेली आणि माझ्या डोळ्यांपुढे नुसता जांभळा गोळा उरला. त्या गोळ्याच्या कडेने मला रस्त्यावर काळा गुळगुळीत पट्टा दिसला. चांगलं डांबर आहे असं वाटलं. तो पाण्याने भरलेला खड्डा होता. साचलेलं पाणी आपल्या दिव्याचा उजेड आरशासारखा पुढे फेकून देतं, आपल्याकडे काहीच परत येत नाही, म्हणून ते इतकं सभ्य, इतकं काळंभोर दिसतं. पुढचं चाक आत गेलं आणि मी हँडलवरून पुढे.

पडल्यावर आठवतं ते एवढंच: दिवा निघून गवतात जाऊन पडला होता, चालूच होता, आणि त्याच्या उजेडात एका पात्यावर गोगलगाय चढत होती. तिची शिंगं बाहेर होती. मनगट दुखतंय हे मला ती गोगलगाय पाहून झाल्यावर कळलं. पुढे सहा आठवडे प्लास्टर. गाडीवाल्याला यातलं काही कधी कळलं नसणार. माझा राग त्याच्या अप्परवर होताच, पण तितकाच स्वतःवरही होता. समोरचा दिवा डोळ्यांवर आला की वेग कमी करायचा आणि नजर आपल्या बाजूच्या कडेच्या रेघेवर खिळवून ठेवायची, हे मला माहीत होतं. तरी पाहिलं.

लहानपणी माझ्या सायकलला डायनॅमो होता, टायरला घासून कुरकुरणारा. त्याचा न्याय अजब होता. जोरात गेलं तर लख्ख उजेड, हळू गेलं तर नुसती लाल तार. म्हणजे खड्डा दिसावा म्हणून जोरात जायचं, आणि जोरात गेलं की तो चुकवायला वेळ उरत नाही. थांबलं की गुडुप. त्याच्याही आधीची माणसं तेलाच्या दिव्यांवर निघायची, मग कार्बाइडचे दिवे आले: वरच्या टाकीतलं पाणी थेंबथेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो जळायचा. १८९१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची जवळपास १२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा शार्ल तेराँ न झोपता तीन दिवसांच्या आत परत आला. रात्री त्याला रस्ता किती दिसला असेल देव जाणे.

आमच्या पिढीचं दुखणं उलटं आहे. पांढरा एलईडी आला आणि मुठीएवढ्या दिव्यात मोटारीला लाजवील इतका उजेड मावायला लागला. मग सगळे ल्युमेनचे, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचे, आकडे मोजू लागले. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत दिवा घुसवणारी माणसं सायकलवरही असतात, आणि वर मोटारवाल्यांच्या नावाने बोटं मोडतात. माझं मत विचाराल तर उजेड किती यापेक्षा तो पडतो कुठे हे पाहा. वरची कड कापलेला, रस्त्यावर चपटा पडणारा झोत हवा. आणि दिवा हँडलवरच हवा, खाली. खालून तिरपा पडलेला उजेड प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक खड्यामागे लांब सावली टाकतो. रस्ता वाचता येतो. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्याच रेषेतून पडतो, सावल्या लपवतो आणि खडबडीत रस्ता सपाट दाखवतो. तो मी पंक्चर काढायला वापरते. तेव्हाही किडे उजेडाकडे येतात आणि पंप मारताना तोंड उघडं राहिलं तर एखादा आतच जातो. बारीक छिद्र सापडत नसेल तर दिवा मालवावा आणि फुगवलेली ट्यूब ओठांजवळून फिरवावी. जिथे गार सुई टोचल्यासारखी वाटते, तिथे छिद्र.

हेल्मेटच्या दिव्याची एक बाजू मात्र मान्य. प्राण्यांचे डोळे उजेड आला तसा माघारी पाठवतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांजवळच्या दिव्यातच ते नीट चमकतात. मांजर, कोल्हा, रस्त्यात बसलेली गाय, सगळे आधी दोन ठिपके म्हणून येतात. कडेच्या गवतात दवासारखे हिरवट ठिपके लुकलुकताना दिसले आणि जवळ जाऊन पाहिलं, तर ते जमिनीवर हिंडणारे कोळी असतात. दर दोन हातांवर एक. मला नसते कळले तर बरं झालं असतं, असं सोबतची मैत्रीण म्हणते.

हिशेब एकच करून ठेवावा. ताशी २५ किलोमीटरला आपण सेकंदाला सात मीटर जातो. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं, बोटं ब्रेकवर गेली, यात एक सेकंद. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढंच अंतर. म्हणजे १४-१५ मीटर, आणि ओल्यात त्याहून जास्त. दिवा जेवढं दाखवतो त्यात थांबता येत नसेल, तर आपण आंधळे चाललो आहोत. गोम अशी की रात्री फक्त जवळचं दिसतं आणि ते भर्रकन मागे जातं, म्हणून १८ चा वेग २५ सारखा वाटतो. हे फसणं आपल्या फायद्याचं आहे, तेव्हा चालू द्या.

मागून येणाऱ्याला दिसण्याचं शास्त्र निराळं. तो पोपटी चकाकता अंगरखा दिवसा उत्तम. त्याचा रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो आणि गाडीच्या दिव्यात ते जवळजवळ नसतात. रात्री कामाला येते ती उजेड परत फेकणारी पट्टी, आणि तीही पाठीपेक्षा घोट्यांवर बांधलेली. १९७३ मध्ये गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या सांध्यांवर दिवे लावून अंधारात चित्रण केलं. माणूस स्थिर असताना ते नुसते ठिपके होते. चालायला लागताच पाहणाऱ्यांना क्षणात माणूस दिसला. घोटे वर-खाली होताना दिसले की मागच्या ड्रायव्हरला ‘सायकलवर कुणीतरी आहे’ हे तसंच उमगतं. पाठीवरचा ठिपका काहीही असू शकतो. मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर, यावर सायकलवाले तासन्‌तास भांडतात. लुकलुकता दिवा लक्ष वेधतो पण किती लांब आहे ते कळू देत नाही. जर्मनीत तर त्याला मनाईच आहे. मी स्थिर ठेवते. पट्टीची मर्यादाही लक्षात असू द्या: गाडीचा उजेड पडला तरच ती चमकते. आडव्या रस्त्याने येणाऱ्याला आपण शेवटच्या क्षणापर्यंत नसतोच, म्हणून चौकात मी अजूनही दिसत नाही असं धरूनच चालते.

एकटी जातेस का, हा पुढचा प्रश्न. नाही. आम्ही दोघी असतो, रस्ता घरी सांगून ठेवलेला असतो, आणि एखादी जागा नकोशी वाटली तर वाद न घालता परत फिरतो. एकटं जाण्यात वेगळी मजा असते असं म्हणतात. असेल.

कुत्र्यांचा उपाय कंटाळवाणा आहे: उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालायचं. पळणाऱ्या पायांतच त्यांना रस असतो.

आणि झोप. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात थंड असतं आणि डोकं बंद दुकानासारखं. तेव्हा मैलाचा दगड बसलेल्या माणसासारखा दिसतो, झुडूप हात करतं. (‘भूतबीत दिसत नाही का’ याचं उत्तर यातच आलं.) एकदा मी मैत्रिणीशी बराच वेळ बोलत होते आणि ती शंभर मीटर मागे होती. असं झालं की गप्प थांबायचं, सायकल आडवी टाकायची आणि पंधरा मिनिटं झोपायचं. त्या वेळी गाडी चालवणाऱ्यांचीही तीच अवस्था असते, हे आठवलं की रस्त्यापासून चांगलं लांब झोपावंसं वाटतं.

तर, यायचं असेल तर या. पहिल्या वेळी शुक्ल पक्षातल्या अष्टमीच्या आसपासची रात्र निवडा. चंद्र मध्यरात्रीपर्यंत सोबत करतो आणि तेवढ्यात आपण घरी असतो. रस्ता दिवसा एकदा चालवून ठेवलेला असावा, खड्डे पाठ असलेला. महागडा दिवा घेऊ नका, माझ्याकडे एक जादा आहे. घोट्यांना बांधायच्या पट्ट्या तेवढ्या आणा. आणि समोरून गाडी आली की मी मागून ओरडेन, ‘कडेची रेघ!’ दचकू नका.